तालिकापत्रापासून माहितीशास्त्रापर्यंत

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत माहितीशास्त्र शिरले ते ग्रंथालयाच्या दारातून. भंडारदरा, शेंडी, राजूर या अकोले तालुक्यातल्या गावांतला पदवीधर आज हा विषय शिकायला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात गेला, तर विभागाच्या नावात त्याला ‘ग्रंथालय’ आधी आणि ‘माहितीशास्त्र’ मागून भेटते. शिक्षणाचा क्रमही तसाच घडला.

ग्रंथालये मात्र त्यांच्या शिक्षणापेक्षा कितीतरी जुनी. अहमदनगरचे वाचनालय १८३८ मध्ये निघाले, नाशिकचे १८४० मध्ये. पुढची सत्तर वर्षे ग्रंथपाल म्हणजे कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा आणि देवघेवीची वही लिहिणारा कारकून, यापलीकडे कोणाची कल्पना गेली नव्हती. हे काम शिकावे लागते, असे आपल्याकडे पहिल्यांदा वाटले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना. अमेरिकेतली ग्रंथालये पाहून त्यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला संस्थानात आणले आणि १९११ मध्ये बडोद्यात प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. बडोद्याच्या ‘लायब्ररी मिसेलेनी’ या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. १९१५ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठाने असाच वर्ग काढला.

या शिक्षणाला शास्त्राचा पाया दिला तो गणिताच्या एका प्राध्यापकाने. शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांचा १९२९ चा उन्हाळी वर्ग दोनच वर्षांत विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे १९३१ ची, पुस्तके विषयवार लावण्याची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत १९३३ ची. मुंबई विद्यापीठाने चाळिशीच्या दशकात पदविका सुरू केली, नागपूर आणि पुणे पन्नाशीच्या दशकात त्या वाटेने गेले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा वर्ग १९६१ चा.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. त्याचे क्षेत्र सुरुवातीला बारा जिल्ह्यांचे होते. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर ते पाच जिल्ह्यांवर आले, आणि १९९० मध्ये धुळे व जळगाव उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे गेल्यावर पुणे, नगर आणि नाशिक एवढेच उरले. नगर जिल्ह्यातला अकोले तालुका या सगळ्या फेरबदलांत पुण्याकडेच राहिला.

ग्रंथालयशास्त्राची पदवी ही पदवीनंतरची पदवी. आधी कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखा पूर्ण करायची, मग एक वर्षाची ‘बी.लिब.’ आणि पुढे ‘एम.लिब.’. अभ्यासाचे दोन मुख्य खांब म्हणजे वर्गीकरण आणि तालिकीकरण. वर्गीकरणाचा तास बाहेरून रुक्ष वाटतो, पण खरी कसोटी तिथेच लागते. समजा, भंडारदऱ्यावरची चार पुस्तके टेबलावर आहेत. १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाच्या बांधकामावरचे पुस्तक ड्युई दशांश वर्गीकरण पद्धतीत ६२७.८ मध्ये जाईल. प्रवरेच्या पाण्यावर पिकणाऱ्या शेतीचे पुस्तक ६३१.५८७ कडे वळेल. रतनवाडी नि कळसूबाईची प्रवासवर्णने ९१५.४७९२ खाली येतील, तर परिसरातल्या महादेव कोळी समाजाचा अभ्यास ३०५ मध्ये. चारही पुस्तकांच्या नावात भंडारदरा असले तरी कपाटात ती एकमेकांपासून लांब बसतात. पुस्तकाचे नाव वाचून वर्गांक देणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण इथेच कापले जातात. विषय कोणता आणि तो कोणासाठी लिहिला, हे आधी ठरवावे लागते.

तालिकीकरण, म्हणजे पुस्तकाची नोंद तालिकापत्रावर करणे, हा हस्तकौशल्याचा भाग होता. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचे पत्र, खालच्या बाजूला सळईसाठी भोक, ठरावीक समासावर लेखकाचे नाव, त्याखाली शीर्षक, कोपऱ्यात बोधांक. एका पुस्तकासाठी लेखक, शीर्षक आणि विषय अशी निदान तीन पत्रे लागत. स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे, यावर परीक्षेत वाद होत.

या शिक्षणाला खरी मागणी आली ती कायद्यामुळे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रासप्रमाणे ग्रंथालय कर न बसवता इथे लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्ग देऊन अनुदान द्यायचे ठरले. वर्ग वाढवायचा तर पुस्तकसंख्येबरोबर प्रशिक्षित ग्रंथपालही हवा. त्यामुळे जिल्हा ग्रंथालय संघांच्या मराठी प्रमाणपत्र वर्गांना विद्यार्थी मिळाले. पदवीधरांची वाट मात्र वेगळी झाली. महाविद्यालयात विद्यापीठ अनुदान आयोगाची वेतनश्रेणी मिळते. अनुदानावरच्या गावच्या वाचनालयात वेतनश्रेणीच नाही. साहजिकच पदवीधर संगमनेर, अकोले, राजूरच्या महाविद्यालयांकडे वळले आणि खेडे प्रमाणपत्रधारकावर राहिले. विद्यापीठाने शिकवलेले ज्ञान आणि कायद्याने उभी केलेली ग्रंथालये यांची गाठ नीट पडलीच नाही. यात अभ्यासक्रमापेक्षा अनुदानाच्या रचनेचा दोष मोठा आहे.

‘माहितीशास्त्र’ हा दुसरा शब्द आला विज्ञानाच्या पुरातून. दुसऱ्या महायुद्धानंतर शोधनिबंध इतके वाढले की पुस्तकाऐवजी लेख आणि लेखातला विषय शोधणे हेच काम होऊन बसले. त्यासाठी दिल्लीत १९५२ मध्ये युनेस्कोच्या मदतीने इन्सडॉक हे केंद्र निघाले, बंगळूरला १९६२ मध्ये रंगनाथनांचे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र. विद्यापीठांनी आपल्या विभागांची नावे पुढे हळूहळू बदलली. संगणक आला तेव्हा युनेस्कोची सीडीएस-आयसिस ही फुकट मिळणारी प्रणाली बऱ्याच ग्रंथालयांत पहिली पोचली. पुण्यातच तयार झालेली ‘स्लिम’ आणि नंतर विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राची ‘सोल’ तिच्या मागोमाग. तालिकापत्रांची कपाटे रिकामी झाली. वर्गांक मात्र पुस्तकाच्या पाठीवर राहिला.

१९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे त्याच्या ग्रंथालयशास्त्राच्या पदवीमुळे नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची सोय झाली. पुण्याला राहण्याचा खर्च न झेपणाऱ्या डोंगराकडच्या विद्यार्थ्याला ही वाट जवळची. महाविद्यालयाचा ग्रंथपाल व्हायचे तर पदव्युत्तर पदवीसोबत नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठच घेते. विद्यापीठाचे पीएच.डी. प्रबंध आता इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहावर चढतात. प्रत्येक प्रबंधाला विषयशब्द देणे आणि त्याची नोंद ठरलेल्या नियमांनी करणे हे काम याच विभागांत शिकलेल्यांच्या वाट्याला येते.