गेलेलें बंदर आणि आलेलीं माणसें

शहाडवरून वाहत आलेली उल्हास नदी कल्याणापाशीं खाडी होते. या खाडीच्या पूर्ववैभवाचें स्तोत्र कल्याणांत जितक्या आवडीनें म्हटलें जातें, तितक्या आवडीनें त्या वैभवाचे कागद कोणी वाचीत नाहीं. ‘येथें यवनांचीं जहाजें लागत’ हें वाक्य उच्चारतांच वक्त्याचा ऊर भरून येतो आणि समोरचें आजचें गांव त्याला एकाएकीं दरिद्री वाटूं लागतें.

जहाजें येत, यांत शंका नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत ‘कल्लिएना’ या नांवानें हें बंदर नमूद आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. परंतु पेरिप्लसकार पुढें काय सांगतो? त्याच्या काळीं या बंदरावर निर्बंध बसले होते, आणि येथें आलेलें ग्रीक जहाज पहाऱ्यांत भडोचला नेलें जाण्याचा संभव असे. ज्या पानावर कल्याणची कीर्ति शोधावयास जावें, त्याच पानावर व्यापार अडल्याची नोंद!

शिवकालाचीही हीच कथा. १६५७ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कल्याण घेतलें आणि पुढें येथें जहाजबांधणी सुरू झाली. १६५९ च्या एका पोर्तुगीज पत्रांत तिचा उल्लेख आहे, पण तो कौतुकाचा नव्हे. तीं जहाजें समुद्रांत जाऊं देऊं नयेत, अशी तजवीज त्यांत आहे. तासणी चालविणाऱ्या सुतारांना तो काळ सुवर्णाचा वाटला असेल काय? त्यांना लांकूड, खिळे, भरतीची वेळ आणि वसईच्या फिरंग्यांची धास्ती एवढेंच दिसत असावें.

याच नदीकांठीं, शहाडला लागून असलेल्या माळावर, दुसऱ्या महायुद्धांत लष्करी छावणी होती. १९४७ नंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेलीं हजारों कुटुंबें उतरलीं. पुष्कळजण कराचीहून जहाजानेंच मुंबईस आले होते. जुन्या जहाजांसाठीं उसासे टाकणाऱ्या गांवाच्या वेशीशीं हीं खरीं जहाजांतून आलेलीं माणसें उभीं होतीं. त्यांचीं स्तोत्रें मात्र कोणी रचलीं नाहींत.

त्यांनाही गतकालाची ओढ होतीच, आणि ती अधिक खरी होती. ज्यानें घर सोडलें त्याला उंबरठा आठवतो, आणि त्यावर ठेंच कोठें लागे तेंही आठवतें. ज्यानें तें घर पाहिलेंच नाहीं त्याला सोन्याचीं कवाडें दिसतात. पण बराकींत बसून आठवीत राहण्यास सवड नव्हती. घरोघर पापड लाटले गेले, आणि ते विकावयास माणसें आगगाडींत चढलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनीं या वसाहतीस नदीवरून उल्हासनगर हें नांव दिलें. १९५६ मध्यें शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना सुरू झाला.

सिंध परत मिळणार नव्हता. भाषेपुरता हट्ट मात्र देशभरच्या सिंधी समाजानें सोडला नाहीं, आणि १९६७ मध्यें सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें.