वाद्यवृंदातील बेस गिटार

बेस गिटार हे जाड तारांचे, खर्जातील स्वर देणारे विद्युत तंतुवाद्य आहे. रॉक, पॉप, जॅझ, फंक, रेगे तसेच चित्रपटसंगीत सादर करणाऱ्या वाद्यवृंदांत तालवाद्ये आणि स्वरवाद्ये यांना जोडणारा दुवा म्हणून ते वाजवले जाते. या वाद्याकडे श्रोत्यांचे लक्ष क्वचितच जाते. मात्र ते मध्येच थांबले, तर गाण्याचा आधार गेल्याचे संगीत न शिकलेल्या श्रोत्यालाही जाणवते. प्रस्तुत लेखात वाद्याचा थोडक्यात परिचय करून देऊन, रंगमंचावर त्याची साधने कशी निवडावीत व वापरावीत आणि वादकाने कोणती पथ्ये पाळावीत, याची माहिती दिली आहे.

स्वरूप

सर्वसाधारण बेस गिटारला चार तारा असतात आणि त्या ई, ए, डी, जी या स्वरांत लावतात. साध्या गिटारच्या चार जाड तारांपेक्षा हे स्वर नेमके एक सप्तक खाली असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला ४१.२ वेळा, तर सर्वांत बारीक तार ९८ वेळा कंप पावते. पाच तारांच्या वाद्यात याच्याही खाली बी या स्वराची तार असते आणि तिची कंपनसंख्या सुमारे ३०.९ असते. तारेच्या नादणाऱ्या भागाची लांबी बहुतेक वाद्यांत ३४ इंच असते. ३० इंचांच्या आसपासची आखूड वाद्येही मिळतात. लहान हातांच्या वादकाला ती सोयीची पडतात.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खर्जाचे काम उभ्या, माणसाएवढ्या उंचीच्या डबल बेसकडे असे. ते वाहून नेणे त्रासाचे होते आणि ड्रम व ब्रास वाद्यांच्या गजरात त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेतील सिएटल येथील पॉल टुटमार्क यांनी १९३०च्या दशकात आडवे धरून वाजवायचे, पडदे असलेले विद्युत बेस वाद्य बनवले होते, परंतु त्याचा प्रसार झाला नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, हे त्या नावातून सुचवलेले होते. १९६० साली त्याच कंपनीचा ‘जॅझ बेस’ आला. आजही बहुतांश बेस गिटारी या दोन नमुन्यांवर बेतलेल्या आढळतात.

डेट्रॉइट येथील मोटाऊन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांतील जेम्स जेमर्सन यांनी उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवून या वाद्याला स्वतंत्र, गाती वाट दिली. ड्रमवादक नसल्यामुळे लॅरी ग्रॅहम तारांवर अंगठ्याने आघात करून ठेका भरून काढू लागले आणि त्यातून ‘स्लॅप’ हे तंत्र रूढ झाले. जॅको पास्टोरियस यांनी पडदे नसलेल्या बेस गिटारला १९७०च्या दशकात प्रतिष्ठा मिळवून दिली.

वृंदातील कार्य

भारतीय संगीतात कान घडलेल्या श्रोत्याला या वाद्याचे महत्त्व चटकन उमगत नाही. आपल्याकडे आधारस्वर तानपुऱ्यात स्थिर असतो. पाश्चात्त्य पद्धतीच्या संगीतात तो दर काही मात्रांनी बदलतो आणि तो बदल घडवून आणणे हे बेस वादकाचे काम असते. गिटारवादक सी, ई, जी हे तीन स्वर एकत्र वाजवत असताना बेस वादकाने खाली सी दिला, तर तो सी मेजर मेळ ऐकू येतो. वरचे स्वर तसेच ठेवून बेस वादकाने खाली ए वाजवला, तर तोच मेळ ए मायनर सेव्हन होतो आणि त्याचा भाव पालटतो. वृंदातील कोणाचा एखादा चुकीचा स्वर खपून जातो, बेसचा मात्र खपत नाही, तो याच कारणाने.

दुसरे कार्य तालाचे. बेसचा स्वर आणि ड्रमसेटमधील पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा आघात हे एकाच क्षणी पडले, तर दोन्ही मिळून एकच भरदार आघात ऐकू येतो. ते थोडेसे मागेपुढे झाले, की सारा वृंद डळमळीत वाटू लागतो. म्हणून सरावाच्या वेळी बेस आणि ड्रम या दोघांनीच, इतर वाद्ये थांबवून, संपूर्ण गाणे वाजवून पाहण्याची पद्धत अनेक वृंदांत आहे. नवशिक्या वृंदाला याहून उपयुक्त सल्ला देता येणे कठीण आहे.

स्वर कधी सुरू करायचा हे सारेच शिकतात. तो कधी संपवायचा हे फार थोडे शिकतात. चार मात्रांच्या ठेक्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रम वाजतो. त्याच्या अगोदर बेसचा स्वर तोडला, तर स्नेअर मोकळा ऐकू येतो. लांबवला, तर गाणे संथ आणि जड वाटते. दोन्ही परिणाम योग्य ठिकाणी हवेच असतात, परंतु ते ठरवून साधलेले असावेत. न वाजणाऱ्या तारा हाताने दाबून ठेवण्याची सवयही सुरुवातीपासून लावावी. एकट्याने वाजवताना त्या तारांची गुणगुण जाणवत नाही; मोठ्या स्पीकरमधून तिचाच गढूळ गाळ होतो.

की-बोर्डवादकाचा डावा हात हा बेस वादकाचा नेहमीचा प्रतिस्पर्धी. दोघेही खर्जात वाजवू लागले, की स्वर एकमेकांत मिसळून अस्पष्ट होतात. अशा वेळी आवाज वाढवण्यापेक्षा डावा हात एक सप्तक वर नेण्याची विनंती करणे श्रेयस्कर.

वाद्य आणि तारा

वृंदात वाजवणाऱ्याला दोन-तीन तासांच्या कार्यक्रमात सुमारे चार किलोचे वाद्य खांद्यावर वागवावे लागते. म्हणून दुकानात बसून वाजवून पाहण्याऐवजी पट्टा लावून काही वेळ उभे राहून पाहावे. हात सोडताच मान खाली झुकणारे वाद्य डाव्या मनगटाला त्रास देते. रुंद पट्टा हा अल्प खर्चाचा, परंतु मोठा दिलासा आहे.

गोल गुंडाळीच्या तारांचा नाद तीक्ष्ण असतो. चपट्या गुंडाळीच्या तारांचा नाद मऊ व आखूड असतो आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात. जेमर्सन याच तारा वापरत. चार तारांसाठी इंचाच्या सहस्रांश मापात ४५ ते १०५ ही जाडी सर्वाधिक प्रचलित आहे. जाडी बदलल्यास मानेवरील ताण बदलतो आणि मानेतील लोखंडी सळई पुन्हा जुळवावी लागते. पावसाळ्यातील दमट हवेमुळेही मान वाकते. जूनमध्ये तारा पडद्यांना घासून खरखरू लागल्या, तर वाद्य बिघडले असे समजू नये. सळईला एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक वळण देऊ नये.

‘ॲक्टिव्ह’ प्रकारच्या वाद्यात ९ व्होल्टची बॅटरी असते. बहुतेक वाद्यांत केबल खोचलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते, म्हणून वाजवणे संपताच केबल काढावी. बॅटरी उतरू लागली, की आवाज फाटतो, आणि हे नेमके कार्यक्रमाच्या मध्यावर घडते.

ॲम्प्लिफायर आणि स्पीकर

खर्जातील स्वरांसाठी मानवी कान कमी संवेदनशील असतो. त्यामुळे गिटारइतकाच मोठा आवाज भासण्यासाठी बेसला कितीतरी पट अधिक शक्ती लागते. वॅट दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. तो दुप्पट भासण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून २०० वॅटचे यंत्र विकून ३०० वॅटचे घेणाऱ्याच्या पदरी निराशा येते. त्याच पैशांत आणखी एक स्पीकरची पेटी घेतल्यास फरक स्पष्ट ऐकू येतो.

दोन पेट्या जोडताना ओहमचे गणित ध्यानात घ्यावे. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या, की एकूण भार ४ ओहम होतो; ४ ओहमच्या दोन जोडल्या, तर २ ओहम. यंत्रावर लिहिलेल्या किमान मर्यादेखाली गेल्यास यंत्र तापते व जळू शकते. व्हॉल्व्ह असलेला ॲम्प्लिफायर तर स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये. स्पीकरसाठी स्पीकरचीच जाड केबल वापरावी. गिटारची केबल बाहेरून तशीच दिसली, तरी तिच्यातील तार बारीक असते.

१९६९ साली आलेला ॲम्पेग कंपनीचा ३०० वॅटचा एसव्हीटी ॲम्प्लिफायर आणि १० इंची आठ स्पीकरांची त्याची पेटी हे एकेकाळी मोठ्या रंगमंचाचे चिन्ह होते. केवळ ॲम्प्लिफायरच ४० किलोच्या जवळपास भरे. आज ‘क्लास डी’ तंत्राचे ५०० वॅटचे यंत्र दोन-तीन किलोंत येते. रिक्षाने किंवा लोकलने फिरणाऱ्या वादकासाठी ही लहानसहान क्रांती नव्हे.

वृंदात ऐकू येणे

घरी एकट्याने वाजवताना मधल्या पट्टीतील स्वर कमी करून खर्ज आणि तीव्र टोक वाढवले, की आवाज फार मोहक वाटतो. हीच जुळणी वृंदात नेली, की बेस नाहीसा होतो; कारण खर्जाची जागा मोठ्या ड्रमने आणि तीव्र टोकाची जागा झांजांनी व्यापलेली असते. वादक मग आवाज वाढवतो, गिटारवादकही वाढवतो आणि गायकाचा घसा बसतो. उपाय उलटा आहे: खर्ज थोडा कमी करावा आणि ५०० ते १००० हर्ट्झच्या आसपासची पट्टी किंचित वाढवावी. एकट्याने ऐकताना हा आवाज काहीसा नाकातला वाटेल, पण वृंदात स्वर ओळखू येतो.

ई तारेच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून अधिक असते. त्यामुळे सभागृहाच्या एका कोपऱ्यात बेस घुमतो, तर काही पावलांवर तो ऐकूच येत नाही. पेटी कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज वाढतो. पोकळ लाकडी मंचावर ठेवल्यास मंचच गुणगुणू लागतो, तेव्हा ती खुर्चीवर किंवा जाड फोमवर ठेवावी. ध्वनी जुळवताना शक्य असल्यास लांब केबल लावून किंवा सहकाऱ्याला वाजवायला सांगून प्रेक्षकांच्या जागेवरून एकदा ऐकावे.

मोठ्या कार्यक्रमात बेसचा संकेत ‘डीआय बॉक्स’मार्फत थेट ध्वनिसंयोजकाकडे जातो. हे लहान उपकरण संकेत संतुलित करते, त्यामुळे तो लांबच्या केबलमधूनही स्वच्छ पोहोचतो. स्वतःचा डीआय बॉक्स जवळ असलेला वादक परक्या गावातील अपुऱ्या सामग्रीवरही निभावून नेतो.

विद्युत सुरक्षितता

बेस गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसलेल्या किंवा सदोष जोडणीत वादकाचा हात तारांवर आणि ओठ मायक्रोफोनला लागले, तर विजेचा प्रवाह शरीरातून जाऊ शकतो. स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वे यांचा १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर असाच मृत्यू झाला.

भारतातील तीन पिनांच्या प्लगमधील सर्वांत लांब व जाड पिन अर्थिंगची असते. गुणगुण थांबवण्यासाठी ती काढणे किंवा तिची तार तोडणे हा प्रकार मांडवांत सर्रास दिसतो. तो जिवावर बेतणारा आहे. गुणगुण घालवायची असेल, तर डीआय बॉक्सवरील ‘ग्राउंड लिफ्ट’ची कळ वापरावी, कारण ती केवळ संकेताच्या केबलमधील जोड तोडते. मायक्रोफोनला ओठ लावण्यापूर्वी तो तारांना टेकवून पाहावा. ठिणगी दिसली, तर जोडणी दुरुस्त होईपर्यंत वाजवू नये. जनित्रावर चालणाऱ्या उघड्यावरील कार्यक्रमांत ३० मिलीअँपिअरचा गळती-प्रवाह खंडक बसवण्याचा आग्रह आयोजकांकडे धरण्यात संकोच करू नये.

अमेरिकेतून आप्तांनी आणलेली यंत्रे अनेकदा १२० व्होल्टची असतात. मागील बाजूचा आकडा न वाचता ती २३० व्होल्टवर लावल्यास क्षणार्धात जळतात.

कानांची काळजी

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहता येते. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटे उरते. ड्रमच्या झांजेशेजारी उभा राहणारा बेस वादक ही मर्यादा पहिल्या दोन-तीन गाण्यांतच ओलांडतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कापसाचे बोळे पुरेसे नसतात. वादकांसाठीचे विशेष कर्णरोधक सर्व स्वर सारख्या प्रमाणात कमी करतात.

भारतातील वापर

मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोमंतकीय वादकांनी पाश्चात्त्य वाद्ये रुजवली. बेस गिटारही त्यांतलेच. राहुल देव बर्मन यांच्या वृंदातील टोनी वाझ यांचे नाव या संदर्भात घेतले जाते. ‘इंडियन ओशन’ या वृंदाचे राहुल राम हे गायनाबरोबर बेस वाजवतात, तर मुंबईच्या मोहिनी डे यांनी अल्पवयातच आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळवली.

महाराष्ट्रात गणेशोत्सवातील आणि लग्नसमारंभांतील ऑर्केस्ट्रा हे या वादकांचे नेहमीचे कार्यक्षेत्र आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सणांच्या निमित्ताने राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. खर्जाचे स्वर भिंतींतून आरपार जातात, त्यामुळे शेजाऱ्यांच्या तक्रारीला बहुधा बेस आणि मोठा ड्रमच कारण ठरतात. गायकाचा आवाज तसाच ठेवून ८० हर्ट्झखालची पट्टी उतरवली, तर मांडवातील श्रोत्यांना फारसा फरक जाणवत नाही आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्यांची थरथर कमी होते.