थरथरणारे उंदीर

मज्जातंतूंवरच्या स्निग्ध वेष्टनाला 'मायलिन' हे नाव रुडॉल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये दिले. चेतापेशींभोवतीच्या ऐवजाला पुढे त्यांनीच 'ग्लिया', म्हणजे डिंक, म्हटले. एकदा डिंक म्हटल्यावर त्यात स्मृती नि स्वभाव शोधायला कोण जाणार?

माद्रिदचे पिओ देल रिओ-ओर्तेगा गेले. चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगवून त्यांनी १९२१ मध्ये मोजक्या फांद्यांची एक पेशी वेगळी दाखवली. तिचे नाव ऑलिगोडेंड्रोग्लिया. मायलिनचे काम तिचेच असावे, असा त्यांचा कयास होता. मात्र त्यांचे गुरू, नोबेल विजेते काहाल, यांना ही नवी पेशी पटेना. आदल्याच वर्षी त्यांनी ओर्तेगांना प्रयोगशाळेतून काढलेही होते. ओर्तेगा १९४५ मध्ये ब्वेनोस आयरेस इथे, परागंदा अवस्थेत वारले.

या पेशीतल्या जनुकांचा माग पुढे उंदरांनी दिला. 'शिव्हरर' जातीच्या पिल्लांना दोन-तीन आठवड्यांत कापरे भरते, मग झटके येतात, काही महिन्यांत ती मरतात. त्यांच्यात मायलिनमधील एका मुख्य प्रथिनाच्या जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असतो. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅलटेकच्या संशोधकांनी फलित अंड्यात ते जनुक घातले. त्यातून जन्मलेले उंदीर थरथरले नाहीत.

प्रयोग देखणा खरा, पण माझे त्याने समाधान होत नाही. वायरीचे आवरण सोलले की बिघाड होणारच. त्यावरून आवरण काही शिकते, असे कसे म्हणावे?

उत्तर २०१४ मध्ये लंडनहून आले. विल्यम रिचर्डसन यांच्या गटाने प्रौढ उंदरांच्या फक्त पूर्वज पेशींतून 'मिर्फ' हे जनुक काढले. जुने मायलिन शाबूत राहिले, नवे बनणे थांबले. उंदीर नेहमीसारखे चालत-फिरत होते. मग त्यांना असे चाक दिले, ज्याचे काही गज अनियमित अंतराने काढलेले होते. साध्या उंदरांनी ती चाल आत्मसात केली, हे मात्र मागे पडले. खरी मेख पुढे आहे: जनुक काढण्यापूर्वीच ज्यांनी ते चाक शिकून घेतले होते, ते नंतरही बिनघोर धावले. अडले ते नवे शिकणे.

२०२० मध्ये अमेरिकेत हेच जनुक काढलेल्या उंदरांना भीतीचा धडा देण्यात आला. दुसऱ्या दिवशी तो त्यांना आठवत होता. महिन्याभराने मात्र पुसट झाला होता.