जन्ममहिन्याचे रत्न कोणी ठरविले?

सराफाच्या दुकानात काचेखाली ठेवलेला एक रंगीत तक्ता आपणापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. जानेवारीत जन्मलेल्यास तामडा, एप्रिलला हिरा, मे महिन्याला पाचू, जुलैला माणिक, सप्टेंबरला नीलम अशी बारा महिन्यांची बारा रत्ने त्यात दाखविलेली असतात. हे फार प्राचीन शास्त्र आहे असेही आपणास सांगण्यात येते. मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. पण माझ्या मनात सहज आले की, आपले महिने तर चैत्र-वैशाख. आपल्या पणजीला जानेवारी ठाऊक नव्हता, मग जानेवारीचे रत्न तिला कोणी सांगितले असेल? ह्या एका शंकेपायी मी वाचनालयातील पुस्तके चाळली, इंग्रजीतील मजकूर मुलीकडून समजावून घेतला आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे मांडीत आहे.

ह्या तक्त्याचे मूळ शोधीत गेले असता आपण यहुदी लोकांच्या धर्मग्रंथापर्यंत जाऊन पोहोचतो. बायबलाच्या जुन्या करारात ‘निर्गम’ नावाचे पुस्तक आहे. त्यात महायाजक अहरोन ह्याच्या ऊरपटाचे वर्णन आले आहे. त्या ऊरपटावर चार ओळींत तीन तीन अशी बारा रत्ने जडविलेली असून त्यांवर इस्राएलाच्या बारा वंशांची नावे कोरलेली होती. म्हणजे ती रत्ने वंशांची होती, महिन्यांची नव्हती. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात जोसेफस नावाच्या यहुदी इतिहासकाराने त्या बारा रत्नांचा संबंध वर्षाच्या बारा महिन्यांशी व बारा राशींशी जोडला. बाराचा मेळ बाराशी बसला, एवढेच!

आपल्या जन्ममहिन्याचे एकच रत्न जन्मभर वापरावे ही चाल त्याहून पुष्कळच अलीकडची. जॉर्ज कुंझ नावाचे एक मोठे अमेरिकन रत्नपारखी होऊन गेले. त्यांनी 1913 साली रत्नांविषयीच्या समजुतींवर एक जाड ग्रंथ प्रसिद्ध केला. ही चाल अठराव्या शतकात पोलंड देशात सुरू झाली असावी, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. परंतु तेव्हाही गावोगावच्या याद्या एकसारख्या नव्हत्या. एका महिन्याला कोणी एक रत्न सांगे, कोणी दुसरे. ह्यामुळे धंद्यात गोंधळ होऊ लागला. तेव्हा 1912 साली अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या संघटनेने कॅन्सस सिटी येथील बैठकीत एक यादी ठरवून टाकली. आज आपण दुकानात पाहतो तो तक्ता मुख्यतः त्याच यादीचा. कोणा ऋषीने तो ध्यानस्थ बसून लिहिलेला नाही. माल विकणाऱ्या मंडळींनी तो सभेत मंजूर केलेला आहे.

त्यानंतरही यादी बदलतच राहिली. 1952 साली तीत काही रत्नांची भर पडली. पुढची हकिकत तर अधिकच मौजेची आहे. आफ्रिकेतील टांझानिया देशात, किलिमांजारो पर्वताच्या परिसरात, 1967 साली एक जांभळट निळे रत्न सापडले. न्यूयॉर्कच्या टिफनी ह्या प्रसिद्ध पेढीने देशाच्या नावावरून त्याचे ‘टांझानाइट’ असे नामकरण केले व ते बाजारात आणले. पुढे 2002 साली त्याला डिसेंबर महिन्याचे एक रत्न म्हणून यादीत स्थान मिळाले. 2016 साली ऑगस्टला स्पिनेल नावाचे रत्न जोडण्यात आले. ज्या रत्नाचे नावही 1967 पूर्वी कोणास ठाऊक नव्हते, ते प्राचीन काळापासून डिसेंबरात जन्मलेल्यांचे रक्षण कसे करीत असेल, हे आपणच पाहावे.

आता कोणी म्हणेल, ते परक्यांचे राहू द्या, आपली नवरत्ने तर खरोखर जुनी आहेत ना? होय, रत्नविद्या आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. गरुडपुराणात बलासुराची कथा आहे. देवांच्या यज्ञात त्या असुराने आपला देह दिला व त्याच्या अवयवांपासून रत्ने झाली: हाडांचे हिरे, दातांचे मोती, रक्ताची माणके, पित्ताचे पाचू व डोळ्यांचे नीलम. सहाव्या शतकात वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक व पाचू ह्यांवर अध्याय लिहिले. चांगले रत्न शुभ व सदोष रत्न अशुभ असे तोही मानतो. पण ते रत्नाच्या गुणदोषांवरून, नेसणारीच्या जन्ममहिन्यावरून नव्हे. पुत्राची इच्छा असणाऱ्या स्त्रीने हिरा वापरू नये असे काही जाणत्यांचे मत असल्याचेही त्याने नमूद केले आहे. आणि आज एप्रिलात जन्मलेल्या नवरीला हिऱ्याशिवाय अंगठीच नको! कोणते प्राचीन शास्त्र खरे मानावे?

ग्रहांची वाटणी तर आपणा सर्वांना पाठ आहे. सूर्याचे माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचे पोवळे, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद आणि केतूचा लसण्या. ही वाटणी कुंडलीवरून चालते आणि सराफाचा तक्ता इंग्रजी महिन्यावरून. दोन्ही एका घरात आले की काय होते, ते मी पाहिले आहे. माझ्या धाकट्या जावेची मुलगी सप्टेंबरातली. तिच्या साखरपुड्याला परदेशात राहणाऱ्या आत्याने मोठ्या मायेने नीलमाची अंगठी पाठविली. तिकडच्या रीतीप्रमाणे ते तिच्या महिन्याचे रत्न, म्हणजे आशीर्वादच. पण इकडे घरात एकदम शांतता पसरली. “वन्सं, शनीचा खडा लग्नाच्या मुलीच्या बोटात कशाला?” असे म्हणत जावेने ती डबी कपाटात मागे सारली. पोरीचा चेहरा एवढासा झाला. खडा तोच, बोट तेच. एकीने तो शुभ म्हणून धाडला आणि दुसरीला तोच अशुभ वाटला. शेवटी सासूबाईंनीच ती डबी बाहेर काढविली व म्हणाल्या, “देणारीचे मन पाहा गं.” मुलगी ती अंगठी आजही घालते व संसारात सुखी आहे. मी हे श्रेय खड्याला देत नाही; दोष मात्र त्याला सर्वांनी दिला असता.

विज्ञान काय सांगते, तेही ऐकण्यासारखे आहे. माणिक आणि नीलम ही मुळात एकाच जातीची रत्ने. अ‍ॅल्युमिनियम धातू व प्राणवायू ह्यांच्या संयोगाने बनणाऱ्या ह्या खनिजाला कुरुंद म्हणतात. त्यात क्रोमियमचा अंश आला की ते लाल होते, त्यास आपण माणिक म्हणतो. लोह व टिटॅनियम ह्यांचा अंश आला की निळे होते, तो नीलम. बाजारात पुष्कराज म्हणून मिळणारा पिवळा खडाही पुष्कळदा ह्याच कुरुंदाचा असतो. ज्योतिषात सूर्य व शनी एकमेकांचे शत्रू, पण पुराणात शनी हा सूर्याचाच पुत्र. त्यांची रत्नेही एकाच कुळातली निघावीत, ह्याची मला मोठी गंमत वाटली.

शिवाय आज प्रत्येक रत्न खाणीतूनच येते असे नाही. फ्रान्समधील व्हेर्न्युइ ह्या शास्त्रज्ञाने भट्टीच्या ज्वालेत माणिक तयार करण्याची रीत 1902 साली जाहीर केली. जपानच्या मिकिमोतो ह्यांनी 1893 साली शिंपल्यात मोती पिकवून दाखविला. आपल्या नथीतले व तन्मण्यातले ज्यांना आपण बसऱ्याचे मोती म्हणतो, ते इराणच्या आखातातून काढले जात व मुंबईच्या बाजारात येत. पिकविलेले मोती स्वस्त मिळू लागल्यावर, 1930 च्या सुमारास, आखातातील पाणबुड्यांचा तो धंदा बसला. तेव्हा आजीची जुनी नथ घरी असेल तर ती मोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. तिचे मोल कोणत्याही महिन्याच्या तक्त्यात सापडणार नाही.

हे सर्व लिहिण्याचे कारण एवढेच की, ओळखीच्या एका घरी साडेसातीच्या धास्तीने बाईने आपल्या पाटल्या मोडून खडा घेतला. त्याच महिन्यात मुलाची फी भरावयाची होती. ती उसनवारीवर भागवावी लागली. ज्याची श्रद्धा असेल त्याने रत्न जरूर वापरावे, मी कोणाच्या श्रद्धेवर बोट ठेवीत नाही. परंतु भीतीपोटी घेऊ नये, कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये. घ्यावयाचेच झाल्यास प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. खडा नैसर्गिक की कृत्रिम, त्यास रंग वाढविण्यासाठी तापविले आहे काय, हे पावतीवर लिहून घ्यावे. वजन कॅरटमध्ये मागावे. एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम, हे सर्व जगात एकच आहे. रत्तीचे माप मात्र सगळीकडे सारखे धरीत नाहीत.

आपल्या पूर्वजांनी रत्नांवर जे ग्रंथ लिहिले त्यांना ‘रत्नपरीक्षा’ असे सुंदर नाव दिले आहे. पारखून घ्या, हा त्यातील पहिला धडा. तो खड्याला लावावा, तसाच खड्याबरोबर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींनाही लावावा, अशी माझी सर्व भगिनींना नम्र विनंती आहे.