उशिरा लाल होणारं द्राक्ष

ऑस्ट्रियाची वाईन म्हटली की ग्र्युनर फेल्टलिनरचं नाव आधी निघतं. तिथल्या द्राक्षबागांचा साधारण तिसरा हिस्सा या एकाच जातीचा. त्सीअरफांडलर मात्र आता शंभर हेक्टरसुद्धा नाही. जे आहे ते मुख्यतः व्हिएन्नाच्या दक्षिणेला, गुम्पोल्ड्सकिर्शेन या गावाच्या आसपास.

या द्राक्षाचं दुसरं नाव श्पेटरोट, म्हणजे 'उशिरा लाल होणारं'. पिकताना मणी तांबूस होतात, वाईन मात्र पांढरीच. याचा जुना जोडीदार रोटगिप्फलर. त्याच्या वेलीचे कोवळे शेंडे तांबूस, म्हणून ते नाव. दोघांची मिसळ करायची तिथली जुनी रीत आहे. आंबटपणा पहिल्याचा, भरीवपणा दुसऱ्याचा.

मी चाखली ती नुसत्या त्सीअरफांडलरची. पहिल्या घोटाला चांगलीच आंबट, मग जर्दाळू, संत्र्याची साल, आणि शेवटी बदामाचा किंचित कडवटपणा. हा भरीवपणा वेलीवर उशिरापर्यंत राहिल्यामुळे येतो. त्याला वेळ लागतो, आणि नेमका हाच वेळ काही व्यापाऱ्यांना वाचवायचा होता.

१९८५ सालची गोष्ट. तेव्हा पश्चिम जर्मनीत गोड ऑस्ट्रियन वाईनला मोठी मागणी होती, आणि तीही स्वस्तात. पण दर वर्षी द्राक्षं तेवढी पिकतातच असं नाही. साखर घातली तर तपासणीत सापडण्याची भीती. मग काहींनी पातळ वाईनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल घातलं. चवीला गोडसर, जिभेला दाट. जुलै १९८५मध्ये जर्मन सरकारने इशारा दिला आणि ऑस्ट्रियाची निर्यात कोसळली, आधीच्या साधारण एक दशांशावर आली. ज्यांनी थेंबभरही भेसळ केली नव्हती त्यांच्याही बाटल्या पडून राहिल्या. गोडसर वाईनसाठी गाजलेल्या गुम्पोल्ड्सकिर्शेनलाही याची झळ बसली.

त्या वाईनमुळे कुणी दगावल्याची नोंद नाही. पण हेच रसायन काही महिन्यांतच मुंबईत जे घडलं त्यात होतं. १९८६च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते निघालं, आणि १४ रुग्ण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला तो यासाठीच. डायएथिलीन ग्लायकॉल ग्लिसरीनसारखंच गोड आणि दाट, वर स्वस्त. वाईनमध्ये ते खपून गेलं त्याचंही कारण हेच होतं.

ऑस्ट्रियाने त्याच वर्षी वाईनचा कायदा बदलला, आणि तो युरोपातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी एक ठरला. दर्जेदार म्हणून विकायची वाईन आधी सरकारी प्रयोगशाळेत जाते, चाखलीही जाते, आणि मगच तिला क्रमांक मिळतो. गेलेला विश्वास परत यायला मात्र पुढची कित्येक वर्षं लागली.

असो. कधी ऑस्ट्रियाची बाटली हाती आली तर आधी टोपण पाहा. त्यावर लाल-पांढरा-लाल असा छोटा शिक्का असतो. तो नुसता देशाचा झेंडा नाही, १९८५ची आठवण आहे. आणि लेबलवर त्सीअरफांडलर लिहिलेलं दिसलं तर घेऊन बघा. या द्राक्षाला पिकायला वेळ देणारी घरं आता फार नाहीत.