लिनक्सचा लॅपटॉप आणि शेतकऱ्याचा ‘ऱ’

यंत्रांचा इतिहास बहुधा ती घडवणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. विकत घेणाऱ्याने दुकानात काय मागितले आणि घरी नेल्यावर त्या यंत्राचे काय केले, याची नोंद क्वचितच राहते. लिनक्स बसवून विकलेल्या लॅपटॉपांच्या बाबतीत मात्र अशी एक नोंद उपलब्ध आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये डेल कंपनीने ग्राहकांकडून सूचना मागवल्या, तेव्हा लिनक्सयुक्त संगणकांची मागणी अग्रभागी आली. पुढच्याच महिन्यात कंपनीने याविषयी पाहणी केली. तीत एक लाखाहून अधिक लोकांनी भाग घेतला. अडचण आल्यास वापरकर्त्यांनी एकमेकांना केलेली मदत आपल्याला पुरेल, असे त्यांतील बहुसंख्यांचे म्हणणे होते. यंत्राचे सगळे भाग लिनक्सखाली नीट चालावेत, हे मात्र त्यांना महत्त्वाचे वाटत होते. मे २००७ मध्ये उबुंटू बसवलेले डेलचे संगणक अमेरिकेत विक्रीस आले.

हाच प्रश्न यवतमाळच्या दत्त चौकात उभे राहून विचारला, तर उत्तर निराळे मिळते. आमच्याकडे लिनक्स आले ते किमतीच्या बोटाला धरून. जानेवारी २००८ मध्ये एचसीएलने ‘मायलीप’ ही छोटी यंत्रे बाजारात आणली. त्यांतील सर्वांत स्वस्त यंत्राची किंमत चौदा हजारांच्या आत होती. आसुसचा सात इंची पडद्याचा ‘ई पीसी’ही त्याच सुमाराचा. विदर्भात तेव्हा तासन्‌तास भारनियमन असे. बॅटरीवर चालणारे आणि आवाक्यातले यंत्र ही त्या काळी चैन नव्हती, गरज होती. आत लिनक्स आहे की आणखी काही, हे गिऱ्हाईक विचारीत नसे, आणि विचारलेच तर दुकानदाराचे उत्तर तयार असे : “घाबरू नका जी, संध्याकाळपर्यंत विंडोज टाकून देतो.”

ते ‘टाकलेले’ विंडोज विनापरवाना असे, हे उघड गुपित होते. म्हणजे लिनक्सचा खरा उपयोग किंमत कमी करण्यापुरता, आणि मुक्काम दुकान ते घर एवढाच. याला केवळ चोरी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण गिऱ्हाईक असे का वागले, हे समजून घेतल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. २००१ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम महाराष्ट्रभर पसरला आणि अनेक सरकारी पदांसाठी त्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. पुसद, दारव्हा, वणी येथील मुलामुलींनी संगणक शिकला तो विंडोजवर. त्याहून मोठी अडचण मराठीची होती. छपाई, अर्ज, निमंत्रणपत्रिका, तहसिलीतली निवेदने यांचा सारा कारभार श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींवर चाले. टंकलेखकांची बोटे जुन्या मराठी टाइपरायटरच्या कळफलकाला सरावलेली होती. लिनक्सवर यांतले काहीच नसे.

आम्हांला याचा धडा २००९ मध्ये मिळाला. आम्ही काही मित्रांनी वर्गणी काढून लिनक्सचा एक छोटा लॅपटॉप घेतला आणि हट्टाने लिनक्सच ठेवले. पहिल्याच दिवशी जुन्या लेखांची सीडी त्यात घातली. पडद्यावर रोमन अक्षरे, चिन्हे आणि स्वल्पविराम यांचा सडा पडला. ज्याला आम्ही मराठी मजकूर समजत होतो, ती आत इंग्रजी अक्षरांची चिन्हेच होती. विशिष्ट टंक त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवीत होता. टंक नाही तर मराठीही नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लिनक्सवर युनिकोडमध्ये मराठी लिहिता येत होते. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ टंक मुक्त परवान्याखाली दिले होते, आणि सी-डॅकच्या ‘बॉस’ लिनक्समध्येही भारतीय भाषांची सोय होती. तरी एका शब्दाशी आमची गाडी अडे : ‘शेतकऱ्याला’. त्यातला ‘ऱ’ हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे आणि इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून मिळतो, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. साधा ‘र’ जोडला की रफार होऊन ‘शेतकर्याला’ उमटे. काही जण ‘र’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून काम भागवीत. दिसायला शब्द तोच, आतली संकेतरचना निराळी. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसरीने शोधला तर सापडत नसे.

यवतमाळात ही बारीकसारीक तक्रार नव्हती. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. त्या सहांत यवतमाळ होते. त्या वर्षांत येथील अर्ज, अहवाल, बातम्या, श्रद्धांजल्या यांतून ‘शेतकऱ्याच्या’ हा शब्द पुनःपुन्हा टंकला गेला. विधवेचा अर्ज लिहून देणाऱ्याला तो कागदावर शुद्ध उमटायला हवा होता, आणि आजच उमटायला हवा होता. जुन्या टंकांवर तो सुबक उमटे. म्हणून त्याने विंडोज निवडले. त्याची निवड चुकीची होती असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही.

मात्र त्या निवडीची किंमत पुढे वसूल झाली. लिनक्सवर शब्द कधी कधी वाकडा दिसला, तरी तो साठे मराठी म्हणूनच. जुन्या टंकांत तो सरळ दिसे, पण आत मराठी नसे. येथे आम्हांला शकुंतला आठवते. कापूस वाहून नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने बांधलेली यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद रेल्वे, देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही त्या कंपनीच्याच मालकीची राहिली. प्रवासी आपले, कापूस आपला, रूळ परक्याचे. टंकांच्या बाबतीत आम्ही तेच केले : दुःख आमचे, शब्द आमचे, आणि ते वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने या छोट्या यंत्रांसाठी एक्सपीची मुदत वाढवली आणि लवकरच लिनक्स त्यांवरून मागे हटले. आज यवतमाळात जवळजवळ प्रत्येक हातातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सच आहे, आणि त्यावर ‘शेतकऱ्याला’ कोणीही बिनचूक लिहितो. गिऱ्हाइकाला जे हवे होते ते अखेर मिळाले. फक्त लिनक्सचे नाव न घेता मिळाले.

आमची ती सीडी अजून आहे. तिच्यातले काही लेख रूपांतरकाच्या साहाय्याने सोडवून घेतले. प्रत्येक ‘ऱ’ हाताने दुरुस्त करावा लागला. अशा सीड्या जिल्ह्यातल्या किती कपाटांत पडून असतील! त्या काढून, आतला मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवावा, एवढीच वाचकांस विनंती. २००६ च्या आसपासचे यवतमाळ त्यांत आहे.