एकेरी स्कल्स (पुरुष)
पुरुषांची एकेरी स्कल्स ही नौकानयनातील (रोइंग) एकट्या खेळाडूची शर्यत होय. स्पर्धक दोन्ही हातांतील दोन वल्ह्यांनी नौका वल्हवतो. त्याची पाठ अंतिम रेषेकडे असते. आंतरराष्ट्रीय शर्यतीचे अंतर २,००० मीटर आहे.

१८९६च्या अथेन्स ऑलिंपिकमधील नौकानयन खराब हवामानामुळे रद्द झाले. त्यामुळे पहिले सुवर्णपदक १९०० साली पॅरिसमध्ये, सीन नदीवर, फ्रान्सच्या बारेले यांना मिळाले. सोव्हिएत संघाचे व्याचेस्लाव इवानोव्ह यांनी १९५६ ते १९६४ या काळात सलग तीन सुवर्णपदके जिंकली. १९६२ मध्ये सुरू झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे पहिले विजेतेही तेच.

फिनलंडचे पेर्टी कार्पिनेन यांनी १९७६, १९८० व १९८४ मध्ये सुवर्ण मिळवून इवानोव्ह यांच्या विक्रमाशी बरोबरी साधली. मात्र त्यांचे प्रतिस्पर्धी, पश्चिम जर्मनीचे पेटर-मिखाएल कोल्बे, यांची थोरवी ऑलिंपिकच्या तक्त्यावरून पुरती कळत नाही. कोल्बे पाच वेळा जगज्जेते झाले. ऑलिंपिक सुवर्ण त्यांना एकदाही लाभले नाही. १९७६ मध्ये माँट्रियलला आघाडीवर असताना अखेरच्या टप्प्यात कार्पिनेन यांनी त्यांना मागे टाकले. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर पश्चिम जर्मनीने बहिष्कार घातला. १९८४ मध्ये पुन्हा कार्पिनेन, तर १९८८ मध्ये पूर्व जर्मनीचे थॉमस लांगे त्यांच्या पुढे राहिले.

भारताला आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाचे पहिले सुवर्ण याच प्रकारात, २०१० साली ग्वांगझू येथे, बजरंगलाल ताखर यांनी मिळवून दिले. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही येथील दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावे आले.